मंगळावरची अकरा माणसं

धोंडुबाईला खोटं बोलता येत नव्हतं. सरकारी माणसापुढं तर अजिबातच नाही. बाकी तिच्यात उणं काही नव्हतं. पण या एका उण्यापायी ठेंगीलवस्तीवरची अकरा माणसं सरकारदरबारी नाहीशी झाली, आणि ती तिनं परत कशी आणली, ते सांगतो. सांगताना मध्येच मंगळ येईल. बिचकू नका. तिथं कळायला अवघड असं काहीही नव्हतं.

वस्ती सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर, पूर्वेच्या माळाला. दहा-बारा छपरं, चार लिंबं, बिरोबाचं ठाणं. मूळ गाव तरसवाडी, ते तीन-साडेतीन मैल लांब. वस्ती सगळी धनगरांची. दिवाळी झाली की मेंढ्या, घोडी, कोंबड्या, पोरंबाळं घेऊन लोक निघतात, पाटणवरून कुंभार्ली घाट उतरून कोकणात जातात आणि मिरगाच्या तोंडावर परत येतात. मागं उरतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं, दिवस भरत आलेली एखादी बाई, आणि ज्यांना चालवत नाही अशी कोकरं.

धोंडुबाई पूर्वी मागं राहणाऱ्यांतली नव्हती. माहेर जतकडचं, त्यामुळं बोलण्यात मधूनच कानडी यायचं. बहात्तरच्या दुष्काळात नवरा चिपळूणजवळ तापानं गेला. त्याला तिथंच नदीकाठी पोचवून ही बाई ऐंशी मेंढ्या आणि कडेवर पोर घेऊन एकटीच घाट चढून आली. दीर म्हणाला, आता कळप मी बघतो. ती म्हणाली, बघ की, लांबनं बघ. पुढची एकोणीस वर्षं कळप तिनंच नेला आणि तिनंच आणला. नंतर गुडघा गेला. तेव्हापासून दिवाळीनंतर ती वस्तीवर राहायची. कमरेला बटवा, हातात लोकर कातायची चाती, आणि तोंडात एक तर तंबाखू नाही तर शिवी.

माग काढण्यात तिचा हात धरणारा त्या पट्ट्यात कुणी नव्हता. खुरावरून मेंढी कुणाची ते सांगायची. माणसाच्या पावलावरून तो कुठल्या पायानं लंगडतो, ओझं कुठल्या खांद्यावर आहे, घरात भांडून निघालाय की जेवून, हेसुद्धा. शेवटचं ती लोकांना हसवायला सांगायची, असं मला आधी वाटायचं. आता वाटत नाही.

शहाण्णवच्या दसऱ्याला तलाठी वस्तीवर आला. अंगात सफारी, डोळ्यांवर गॉगल; मोटारसायकल मात्र तरसवाडीचे सरपंच लालासाहेब यांची. लालासाहेब पुढं, तलाठी मागं. त्याच्या मांडीवर छापील कागद.

तलाठ्यानं विचारलं, "तुम्ही इथं कायम राहता का?"

धोंडुबाई म्हणाली, "आमी व्हय? आमी कुठं ऱ्हातोय बाबा. आमी फिरतो."

"म्हणजे कायमचे राहत नाही."

"मेंढरू ऱ्हाऊ दील तवा न्हवं."

"मग तसं लिहितो."

"लिव की. खरं हाय त्ये लिव."

जगात दुसऱ्या कुणाला हा प्रश्न विचारा, माणूस आधी विचारील, का विचारताय? धनगराला कुठं राहतोस विचारलं की तो मेंढी कुठं बसते ते सांगतो. तलाठ्याला हे ठाऊक होतं, म्हणून तर त्यानं प्रश्न तसा घातला. वस्तीवरच्या सोळा कर्त्या माणसांनी अंगठे दिले. पहिला धोंडुबाईचा. मी वस्तीचाच, पण शिकायला बाहेर पडून चळवळीत रमलेला. त्या दिवशी विट्याला एका मोर्चात 'पाणी आमच्या हक्काचं' म्हणून घसा फोडत होतो. ज्यांचं पाणी जात होतं ते इकडं अंगठा देत होते.

कागदावर लिहिलं होतं : सदर ठिकाणी कोणीही कायम वास्तव्यास नाही.

हा दाखला हवा होता पुण्याच्या एका संस्थेला. माणूस मंगळावर गेला तर कसा राहील, याची तालीम करायला त्यांना जागा पाहिजे होती. तांबडी, उघडी, झाडझाडोरा नसलेली, आणि माणूस अजिबात नसलेली. राजस्थान लांब पडत होतं. मग कुणाच्या तरी नकाशात आमचा माळ आला. संस्थेनं गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका काढली होती. तिच्यात आमच्या माळाचा रंगीत फोटो आणि खाली ओळ : 'पृथ्वीवर असूनही पृथ्वी नसलेली भूमी.' फोटोच्या डाव्या कोपऱ्यात बिरोबाच्या ठाण्याचा झेंडा दिसत होता. तो त्यांच्यातल्या एकालाही दिसला नाही.

फेब्रुवारी सत्त्याण्णवमध्ये मंगळ आला. दोन ट्रकमधून. वस्ती आणि तरसवाडी यांच्या मधोमध त्यांनी पांढरा घुमट उभारला, उलट्या ठेवलेल्या पातेल्यासारखा. त्याला पूर्वेकडं एक गोल खिडकी. आत सहा जण पंचेचाळीस दिवस कोंडून घेणार. बाहेर पडायचं तर सांगलीच्या शिंप्याकडून शिवून आणलेले कापसाचे झगे आणि डोक्यावर मोटारसायकलचं हेल्मेट. घुमटाभोवती चुन्याची फक्की मारून मोठं रिंगण आखलं. आणि दोनशे पावलांवर, टेकडाच्या मागं, एक तंबू. त्याचं नाव पृथ्वी.

पृथ्वीवर संस्थेचे प्रमुख डॉक्टर अवधूत राहायचे. औषधाचे नव्हेत, पुस्तकाचे डॉक्टर. जन्म सांगलीचा, शिक्षण पुण्याचं. मंगळावरून बिनतारी यंत्रावर काही विचारलं तर उत्तर माहीत असूनही ते बारा मिनिटं गप्प बसायचे. खरा मंगळ लांब आहे, आवाज पोचायला वेळ लागतो, म्हणून. आमच्या तालुक्याच्या कचेरीत बारा महिने लागतात. तिथं तर मंगळही नसतो.

त्याच तंबूत सयाजी होता, साताऱ्याचा, पलटणीतून निवृत्त झालेला लांगरी. सहा जणांचा स्वयंपाक तो पृथ्वीवर करायचा, डबे मंगळावर नेऊन एका फळीच्या खिडकीत ठेवायचा, शिट्टी मारायचा आणि पाठ वळवून पळायचा. पळायचं अशासाठी, की त्याला कुणी बघायचं नाही. आतले मग फळी उघडून डबे घ्यायचे आणि साठ्यातलं अन्न काढलं असं वहीत लिहायचे.

"मंगळावर चपात्या कुठनं येत्यात रं फौजी?" धोंडुबाईनं त्याला पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"आक्का, मला काय इचारता. पलटणीत बी असंच असायचं. सायेब डोळं मिटून म्हणायचा, समजा समोर दुश्मन हाय. आमी समजायचो."

"आन भाकरी?"

"ती खरी असायची."

इथवर सगळा तमाशा होता, फुकटचा. वस्तीवरची पोरं लांबून बघून हसायची. हसणं थांबलं ते टँकर आला नाही तेव्हा.

दरसाल फेब्रुवारीच्या मध्याला सरकारी टँकर वस्तीवर यायचा आणि आडात पाणी सोडायचा. त्या साली तो तरसवाडीवरूनच परत गेला. धोंडुबाई दुसऱ्या दिवशी गावात जाऊन ड्रायव्हरला आडवी झाली. त्यानं यादी काढून दाखवली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानंच वाचली. ठेंगीलवस्ती नव्हती. जिथं कुणी राहत नाही तिथं टँकर जात नाही, असा नियम. नियम बरोबर होता. तीच तर गोम.

आता पाण्याला तरसवाडीची विहीर. साडेतीन मैल जायचं, तेवढंच डोक्यावर ओझं घेऊन यायचं. जाणार कोण? धोंडुबाई, गुडघा धरून. तिचा दीर गुंडा, सत्तरीचा. त्याची बायको. दोन विधवा म्हाताऱ्या. डोळ्यांनी दिसत नसलेला एक म्हातारा, तो काठीनं चालायचा आणि पोराचा हात धरून एक कळशी आणायचा. चार शाळकरी पोरं. आणि गुंडाची नातसून, आठवा लागलेली. ही अकरा माणसं, कागदावर नसलेली. वाट चुन्याच्या रिंगणातून जायची, बरोबर त्या गोल खिडकीसमोरून. पहिल्याच दिवशी डॉक्टर जीप घेऊन आले आणि हात जोडून म्हणाले, "प्लीज, टेकडामागून जा. आतल्यांना माणूस दिसता कामा नये. प्रयोग बिघडतो."

टेकडामागून म्हणजे आणखी मैलभर. धोंडुबाई गेली. पाहुणा हात जोडतोय म्हणून गेली. अकराच्या अकरा जणं आठ दिवस टेकडाला वळसा घालून पाणी आणत होती, कारण पलीकडं सहा पदवीधरांना एकटं वाटायचं होतं.

मी पाच अर्ज दिले. नायब तहसीलदारानं पाचही अर्जांवर एकच उत्तर दिलं : सदर वस्ती निर्जन असल्याचा दाखला कार्यालयात आहे. मी म्हणालो, चला, दाखवतो माणसं. तो म्हणाला, माणसं कुणीही नेऊन उभी करतो, कागद आणा. वर्तमानपत्रवाल्याकडं गेलो. त्याला मंगळाची बातमी पाहिजे होती. हेल्मेट घातलेल्यांचा फोटो त्यानं पहिल्या पानावर छापला. शेजारी लालासाहेब, फेटा बांधून, मंगळाचं उद्घाटन केल्यासारखे.

मी वस्तीवर गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. तलाठ्याला, लालासाहेबाला, डॉक्टरला, कुणाला सोडलं नाही. धोंडुबाई लोकर कातत ऐकत होती.

"झालं का बाळासो?"

"झालं."

"मग आता पाणी पी आन गप बस. माझ्या अंगठ्यानं गेलंय त्ये. तुझ्या शिव्यांनी न्हाई यायचं."

त्या आठवड्यात रिंगणाच्या कडेला तिला सयाजी भेटला. तो हिरमुसलेला होता. डॉक्टरांनी त्याला झापलं होतं. डबे ठेवून पळताना आतल्या एका बाईनं त्याला बघितलं आणि वहीत लिहिलं.

"काय लिवलं?" धोंडुबाईनं विचारलं.

"माणूस दिसला. येळ, तारीख, अंगात काय कापडं, सगळं. त्यांच्यात एक वल्लरी म्हणून बाई हाय. तिचं कामच त्ये. खिडकीतनं बाहेरचं काय दिसंल त्ये लिवायचं. कोल्हा दिसला तर कोल्हा."

"कोल्ह्याला बी लिवती?"

"तारीख-येळ घालून."

धोंडुबाईची चाती थांबली. एकोणीस वर्षं तिच्याबरोबर फिरलेल्या माणसांनी मला सांगितलंय, ही बाई चालताना, बोलताना, भांडतानासुद्धा कातायची. त्या दिवशी चाती थांबली, असं सयाजी नंतर सांगायचा.

"आन मंगळावरला जाड टाचंचा कोण हाय रं?" तिनं उठता उठता विचारलं. "रोज दुपारी त्या काळ्या खडकाआड येतो. डोस्क्यावरलं मडकं काढून ठिवतो आन बिडी वडतो."

सयाजी दचकला. "तुमाला काय म्हाईत?"

"पाय सांगत्यात की. मडक्याचा गोल बी उमटलाय."

"सिगारेट हाय आक्का, बिडी न्हवं."

"त्येला कोण लिवतंय?"

"त्येला कोण लिवणार? त्यो मंगळावरलाच न्हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ती टेकडाकडं वळली नाही. रिंगणात शिरली. आणि शिरताना घोळका करून नाही. पहाटे मेंढ्या मोजायच्या असतात तेव्हा धनगर कळपाभोवती लावलेल्या जाळीच्या वाघरीला एका जागी फट करतो. कळप एकदम सोडला तर मोजदाद चुकते, म्हणून फटीतून एकेक मेंढरू बाहेर काढायचं, एक गेलं की दुसरं. धोंडुबाईनं तसंच केलं. काळ्या खडकापाशी स्वतः उभी राहिली आणि एकेकाला सोडलं. आधी गुंडा. तो खिडकीसमोरून पार पलीकडं गेला की त्याची बायको. मग म्हाताऱ्या. मग आंधळा म्हातारा पोराचा खांदा सोडून एकटा, काठी आपटत. मग पोरं, एकेक. मग गरोदर पोरगी. शेवटी धोंडुबाई स्वतः, मागं चार कोकरं, हातात चाती. खिडकीसमोर आली की सावकाश. गुडघ्यानं तिला तशीही घाई नव्हती.

गुंडा करवादला, "ह्ये काय सोंग लावलंयस? मी काय मेंढरू हाय?"

"मेंढरू असतास तर सरकारी यादीत असतास. घोळक्यानं गेलो तर 'कायतरी माणसं दिसली' असं लिवतील. एकेक गेलो तर एकेक लिवावं लागंल."

चौथ्या दिवशी जीप आली, थेट वस्तीवर. डॉक्टरांनी या खेपेला हात जोडले नाहीत. खुर्ची नव्हती, म्हणून उभ्यानंच बोलले.

"मावशी, तुमचा पाण्याचा प्रश्न आहे ना? मी रोज चार कॅन पाणी इथं आणून टाकतो. आमच्या टँकरमधलं. पण एकानंही रिंगणात दिसायचं नाही. प्रयोग संपेपर्यंत."

चार कॅन. अकरा माणसांचं पिण्याचं भागलं असतं. गुंडाची बायको डॉक्टरांच्या तोंडाकडं देवाकडं बघावं तशी बघत होती.

"परयोग कवा संपतुया?" धोंडुबाईनं विचारलं.

"एकतीस मार्च."

"आन मग?"

"मग आम्ही जाणार."

"आमी न्हाई जाणार. येप्रिलात काय प्यायचं? मे म्हयन्यात?"

"ते तुम्ही सरकारला विचारा. आमचा त्याच्याशी संबंध नाही."

"दाखला तुमच्यासाठीच काढला म्हणत्यात की."

"आम्ही फक्त निर्जन जागा मागितली होती. ती सरकारनं दिली." डॉक्टर खरंच असं म्हणाले. अकरा माणसांच्या मधोमध उभं राहून. हा माणूस दुर्बिणीतून काय बघत असेल!

"कॅन न्या," धोंडुबाई म्हणाली.

जीप गेल्यावर वस्तीवर जुंपली. गुंडा काठी आपटून ओरडत होता, "तुझा अंगठा, तुझा हेका, आन पाणी वाहायचं आमी! म्हयनाभर तरी पाय थांबलं असतं. ही पोरगी आठव्यात हाय, तिच्या डोस्क्यावर घागर देतीस तू?"

"पोरगीला घागर मी देत न्हाई. पोरगी निसती खिडकीम्होरनं चालती."

"कशापायी?"

"गुंडाप्पा, आज चार कॅन घेतलं की आपण हितं न्हाई ह्येच्यावर दुसरा अंगठा दिला. पयला फसून दिला. दुसरा तान लागली म्हणून द्यायचा?"

गुंडा दोन दिवस बोलला नाही. पण सकाळी खडकापाशी यायचा, आणि फटीतून पहिला तोच निघायचा.

मला तिनं एकच काम लावलं. दर सोमवारी कचेरीत जायचं आणि आपल्या वस्तीबद्दल तक्रार आली का, एवढं विचारायचं.

"आक्का, तक्रार आपण करतो. आपल्याबद्दल कोण करणार?"

"त्यो डॉक्टर. चिडंल आता. शिकल्याला माणूस चिडला की लिवतो. तू बी लिवतोसच की."

हे मला लागलं. पण खरं होतं. दोन सोमवार काही नव्हतं. तिसऱ्या सोमवारी आवक बारनिशीचा कारकून मला बघून हसला. याच कारकुनानं माझे पाच अर्ज नाक धरून घेतले होते. म्हणाला, "तुमच्या लोकांनी लय धुमाकूळ घातलाय म्हणे. पोलीस बंदोबस्त मागितलाय."

त्यानं दोन पानांचं पत्र पुढं सरकवलं. संस्थेचा शिक्का, डॉक्टर अवधूत यांची सही, कचेरीचा आवक क्रमांक. मजकूर असा, की ठेंगीलवस्ती येथील अकरा रहिवासी दररोज सकाळी सात ते साडेसात या वेळात प्रयोगक्षेत्रातून ये-जा करून वैज्ञानिक कार्यात अडथळा आणतात. सोबत वल्लरीच्या वहीची नक्कल. मी ती तिथंच उभा राहून वाचली. सतरा दिवस, रोज अकरा नोंदी. 'पुरुष, अंदाजे सत्तर, पांढरे पागोटे, डावा पाय आखडतो.' 'वृद्ध पुरुष, दृष्टिहीन असावा, एकटा.' 'तरुण स्त्री, गरोदर, पुढील महिन्यात प्रसूती संभवते.' 'वृद्ध स्त्री, उजव्या गुडघ्यात वेदना, चालताना सूत कातते, सोबत कोकरे चार.' नवव्या दिवसाला पुढं आणखी तीन शब्द होते : 'थांबली. हात हलवला.' आणि त्याखाली, वेगळ्या शाईत : 'मीही.'

त्या माळावर जनगणनेचा मास्तर कधी फिरकला नव्हता. आमची एवढी चोख नोंद साऱ्या सरकारात कुणी केली नव्हती. तीही आम्ही नकोत म्हणून केलेली. त्या पोरीबद्दल मला काही वाईट बोलायचं नाही. समोर दिसलं ते तिनं लिहिलं. तिच्या डॉक्टरला तेवढंही जमलं नव्हतं.

पत्र आणि नक्कल घेऊन मी नायब तहसीलदारांच्या टेबलापुढं उभा राहिलो. धोंडुबाईनं शिकवलं होतं तसं विचारलं, आवाज न चढवता. आवाज न चढवणं हे मला त्या दिवशी सगळ्यात जड गेलं.

"साहेब, या पत्राप्रमाणं पोलीस पाठवणार का?"

"विचाराधीन आहे."

"पाठवाच. पण ते अडवणार कुणाला? तुमच्या दाखल्याप्रमाणं तिथं कुणी राहत नाही."

साहेबांनी पत्र वाचलं. 'रहिवासी' या शब्दावर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी दाखल्याची फाईल मागवली. दोन्ही कागद त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. एक खरा धरला तर पोलीस द्यायचं कारण नव्हतं, दुसरा खरा धरला तर टँकर द्यावा लागत होता. दोन्ही कागदांवर शिक्के होते. मी दिलेल्या पाच अर्जांवर नुसती माझी सही होती.

दोन दिवसांनी साहेब पंचनाम्याला वस्तीवर आले. बरोबर तोच तलाठी, आता गॉगल नसलेला, आणि लालासाहेब. आल्या आल्या लालासाहेब धोंडुबाईला म्हणाले, "आक्का, मी पयल्यापासनं म्हणत हुतो, ह्या लोकांचं बगा म्हणून."

"व्हय, फोटूत तोंड हलताना दिसलं मला," धोंडुबाई म्हणाली. लालासाहेब जाऊन जीपमध्ये बसले.

तलाठ्यानं छापील कागद काढला आणि सवयीनं तोच प्रश्न वाचला. "तुम्ही इथं कायम राहता का?"

सगळे तिच्याकडं बघायला लागले. मी मनात म्हणत होतो, म्हण व्हय. एक शब्द, आक्का, म्हण. तिनं तोंडातली तंबाखू थुंकली.

"सायेब, कायमचं तुमी तरी हायसा का हितं? आज ना उद्या तुमची बदली हुईल. मग तुमच्या घरचं पाणी तोडायचं का?"

तलाठ्यानं पेनाचं टोपण काढलं.

"मी सांगते तसं लिवा. मेंढरं फिरत्यात. मेंढरांमागं कर्ती माणसं फिरत्यात, मिरगाला घरला येत्यात. आमी अकरा जणं हितं हाय, दिवाळीपासनं मिरगापतोर, दर सालाला. सा वर्षं झाली, मी ही शीव वलांडली न्हाई. ह्यातलं एक बी खोटं निघालं तर टँकर नगं."

तलाठ्यानं लिहिलं. लिहून झाल्यावर त्यानं शाईचा डबा पुढं केला. तिनं अंगठा पदराखाली घेतला.

"आधी वाच."

त्यानं वाचलं. 'कर्ती माणसं फिरतात' यानंतरचं 'मिरगाला घरी येतात' हे गाळलं होतं. तिनं ते घालायला लावलं आणि पुन्हा दोनदा पहिल्यापासून वाचायला लावलं. साहेब उन्हात उभे होते. अंगठा तिनं तिसऱ्या वाचनानंतर दिला.

सव्वीस मार्चला वस्तीवर टँकर आला. गुंडानं आडाच्या काठावर बसून पाणी पडतं कसं ते शेवटपर्यंत बघितलं. एकतीस तारखेला मंगळ ट्रकमध्ये भरून पुण्याला गेला. चुन्याचं रिंगण तेवढं मागं राहिलं. वर्तमानपत्रात आलं, की सहा जणांनी पाण्याच्या मोजक्या साठ्यावर, संपूर्ण निर्जन प्रदेशात पंचेचाळीस दिवस काढून दाखवले. त्यांचा सत्कार झाला. व्यासपीठावर लालासाहेब होते.

गुंडाची नातसून तीन एप्रिलला बाळंत झाली. मुलगी. मी बघायला गेलो, तर धोंडुबाई छपरापुढं लोकर कातत बसली होती, चेहरा वाकडा.

"का आक्का, पोरगी झाली म्हणून?"

"पोरगीचं काय, चांगली हाय. पर यादीत अकराच हायती. ही बारावी." तिनं रिंगणाकडं बघितलं. "चार दिस थांबायचं न्हवं त्या मेल्यांनी? हिला बी खिडकीम्होरनं फिरवून आणली असती."